गॅस जास्त, गारवा कमी: इलेक्ट्रिक गाडीच्या गरम एसीचं एक प्रकरण

गाडी आली तेव्हा तिच्याबरोबर निदानही आलं होतं. "गॅस कमी होतोय, दादा. दोन महिन्यांत दोनदा भरून झाला. आता लीक शोधा आणि तिसऱ्यांदा भरा," असं ताईंनी चावी हातात देतानाच सांगून टाकलं. पाच वर्षं वापरलेली छोटी इलेक्ट्रिक एसयूव्ही, ४०० व्होल्टच्या वर्गातली बॅटरी. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार, त्याचं वजन आणि कंप्रेसरच्या तेलाचा प्रकार लिहिलेला: आर-१३४ए, ६०० ग्रॅम, तेल पीओई.

एसी गार होत नाही म्हणजे गॅस संपला, हे समीकरण इतकं पक्कं बसलंय की गिऱ्हाईकही तेच म्हणतं आणि निम्मे गॅरेजवालेही. पण गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि दोन महिन्यांत दोनदा भरावा लागण्याइतकी गळती असेल तर तिची खूण राहतेच. गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर पडतं, त्यावर धूळ बसते आणि काळपट चिकटा तयार होतो. सगळे सांधे, सर्व्हिस पोर्टच्या टोप्यांखालच्या पिना, कंडेन्सरचे (गाडीच्या तोंडाशी बसलेली, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) कोपरे टॉर्च मारून पाहिले. सगळं कोरडं ठणठणीत. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या कंप्रेसरमध्ये (गॅस दाबून फिरवणारा पंप) शाफ्टचं सील ही गळण्याची ठरलेली जागा. इलेक्ट्रिक गाडीत तीही नाही, कारण मोटर कंप्रेसरच्या पोटातच असते आणि शाफ्ट बाहेर येतच नाही.

म्हणून गेज (गॅसचं प्रेशर दाखवणारे काटे) लावण्याआधी गप्पा मारायला बसलो.

"गरम म्हणजे चालू केल्यापासून गरम का?"

"नाही हो. पहिली पंधरा मिनिटं मस्त गार असतो. मग कोमट. अर्ध्या तासाने नुसता पंखा."

"सिग्नलला थांबल्यावर जास्त होतं का? गाडी पळायला लागली की सुधारतं?"

"छे, हायवेलाही तेच. तासभर उभी ठेवली की परत गार. आणि हो, फास्ट चार्जिंग करून निघालं की पहिल्यापासूनच गरम. हल्ली चार्जिंगलाही वेळ लागतो, पण ते तिथलं मशीनच हळू असेल."

ते शेवटचं वाक्य मी कार्डवर लिहून घेतलं आणि पुढचा अख्खा दिवस विसरून गेलो. खरं तर उत्तराचा निम्मा भाग त्यातच होता.

गॅस भरल्यावर फरक पडला का, हेही विचारलं. पहिल्यांदा आठवडाभर बरं वाटलं म्हणाल्या, पण तो आठवडा आभाळाचा होता हे त्यांचं त्यांनाच आठवलं. दुसऱ्यांदा भरला त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा तीच रड.

एकच कंप्रेसर, दोन गिऱ्हाइकं

ज्यांचा हात पेट्रोल-डिझेलच्या एसीवर बसलाय त्यांच्यासाठी इथे थोडं थांबतो. इलेक्ट्रिक गाडीचा कंप्रेसर बॅटरीच्या हाय व्होल्टेजवर चालतो. त्याला क्लच नसतो. गाडीचा कंट्रोलर त्याला "इतक्या आरपीएमने फिर" असं सांगतो आणि तो तसा कमी-जास्त वेगाने फिरतो. त्यामुळे जुना "क्लच टक् करून बसतोय का" हा कान लावून ऐकायचा प्रकार इथे निकामी. प्रेशर फार वाढलं तर तो झटकन बंदही होत नाही, आधी हळूहळू वेग कमी करतो. म्हणून एसी धाडकन न जाता कोमट, कोमट करत जातो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्या गाड्यांत बॅटरी पाण्याने थंड करतात, त्यांत बहुतेक वेळा तेच काम याच एसीकडे असतं. गॅसची लाइन पुढे दोन वाटांनी जाते. एक वाट डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलकडे, दुसरी चिलर नावाच्या लहानशा डब्याकडे. चिलरमध्ये गॅस बॅटरीचं पाणी थंड करतो. दोन्हीकडून गोळा केलेली उष्णता शेवटी एकाच कंडेन्सरमधून बाहेर टाकायची असते. फास्ट चार्जिंगमध्ये बॅटरी तापते, चिलर उघडतो आणि गरजेची वेळ आली की बहुतेक गाड्या बॅटरीला आधी वाढतात, माणसाला नंतर. त्यात चूक काही नाही. माणूस खिडकी खाली करू शकतो.

गेज लावण्याआधी

दोनदा गॅस भरणाऱ्याने तो कशाने भरला, हे ताईंना माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला मात्र धास्ती तेलाची होती. या कंप्रेसरमध्ये मोटरच्या वायंडिंगवरूनच गॅस आणि तेल वाहतं, म्हणून तेल वीज न वाहणारं लागतं. बऱ्याच गाड्यांत ते पीओई असतं. साध्या गाड्यांत वापरतात त्या पीएजी तेलातून वीज त्या मानाने सहज जाते आणि ते हवेतलं पाणीही पटकन ओढून घेतं. गॅसच्या छोट्या डब्यात मिसळलेलं असं तेल, किंवा दिवसभर पेट्रोल गाड्यांना लावलेल्या मशीनच्या पाइपात उरलेलं तेल, आत गेलं तर इन्सुलेशन ढासळतं. मग एसी राहिला बाजूला, गाडी हाय व्होल्टेजचा फॉल्ट दाखवून चालूच व्हायला नकार देऊ शकते. गळती बुजवणारं रसायन तर या गाड्यांत कधीच टाकू नये. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कॉइलआधी गॅसचं प्रेशर पाडणाऱ्या झडपेच्या) बारीक भोकात जाऊन बसतं.

गाडी स्वतःचं इन्सुलेशन, म्हणजे हाय व्होल्टेजची वीज बॉडीत शिरायला किती अडथळा आहे ते, सतत मोजत असते आणि तो आकडा स्कॅनरवर (गाडीच्या कंट्रोलरमधले आकडे दाखवणारं यंत्र) दिसतो. एसी बंद असताना १.९ मेगाओम, म्हणजे १९ लाख ओम. एसी चालू करून कंप्रेसर दहा मिनिटं पळवला, तरी १.९. डीसी बाजूला निदान १०० ओम दर व्होल्टला हवेत असा नियम आहे. म्हणजे ४०० व्होल्टला ४० हजार ओम झाले की किमान मर्यादा गाठली. आपण तिच्या कितीतरी वर होतो, आणि कंप्रेसर फिरल्यावर आकडा हललाही नाही. हुश्श केलं. या कामात हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावायची वेळ आली नाही, पण येईल असं धरून हाय व्होल्टेजचे हातमोजे बाहेर काढून ठेवले होते.

मग गेज. रात्रभर उभी असलेली गाडी, वर्कशॉपमध्ये ३० अंश. दोन्ही काटे ६.७ बारवर. माझ्या हाताखालचा मुलगा लगेच म्हणाला, "दादा, प्रेशर तर बरोबर आहे. म्हणजे गॅस पुरेसा आहे."

इथे बरेच जण फसतात. उभ्या गाडीत गॅसचं प्रेशर तापमान ठरवतं, वजन नाही. आत थोडासा जरी द्रव शिल्लक असेल तरी ३० अंशाला आर-१३४ए ६.७ बारच दाखवणार, मग आत ३०० ग्रॅम असो की ८०० ग्रॅम. घरातल्या गॅस सिलिंडरसारखंच: प्रेशरवरून सिलिंडर किती भरलाय ते कळत नाही, उचलून पाहावा लागतो. उभ्या गाडीवर गेज लावून "गॅस ठीक" किंवा "गॅस कमी" सांगणारा माणूस अंदाज बांधतोय. काटा अपेक्षेपेक्षा खूपच खाली असेल तरच तो काही सांगतो.

अठरा मिनिटं

बाहेर ३३ अंश. गाडी उन्हात, दारं बंद, एसी सगळ्यात थंडवर, ब्लोअर फुल, मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर. मुलगा स्कॅनर घेऊन आत, मी गेजपाशी.

तिसऱ्या मिनिटाला व्हेंटमधून ९ अंशाची हवा. झकास. पण हाय साइड (कंप्रेसरमधून दाबून निघालेल्या गॅसचं प्रेशर) १९ बार, म्हणजे आत्ताच चढी. कंप्रेसर ६२०० आरपीएम. बाराव्या मिनिटाला हाय साइड २५ बार आणि कंप्रेसर ३५०० वर उतरलेला. अठराव्या मिनिटाला तो १५०० वर आला, लो साइड (कंप्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचं प्रेशर) चढून ३.६ बार झाली आणि व्हेंटमधून २१ अंशाची हवा यायला लागली. ताईंची तक्रार शब्दशः समोर.

काट्यांची भाषा तापमानात करून वाचली की चित्र साफ दिसतं. लो साइडचे ३.६ बार म्हणजे कॉइलमध्ये गॅस साधारण १३ अंशाला उकळतोय. अशा कॉइलवरून ९ अंशाची हवा येणार कुठून? हाय साइडचे २५ बार म्हणजे कंडेन्सरमध्ये गॅस साधारण ७९ अंशाला द्रव होतोय. बाहेरची हवा ३३ची. धडधाकट गाडीत हा फरक वीस-पंचवीस अंशांचा असतो, इथे सेहेचाळीस. उष्णता आतून गोळा होत होती, पण बाहेर पडायला तिला वाट मिळत नव्हती. प्रेशर वाढलं की कंप्रेसर जीव वाचवायला वेग उतरवत होता. कंप्रेसर बिघडलेला नव्हता, शहाणा होता.

गॅस कमी असता तर चित्र याच्या उलट दिसलं असतं: दोन्ही काटे खाली. इथे दोन्ही वर. दोनदा गॅस भरणाऱ्याने गाडी चालू ठेवून वीस मिनिटं गेजकडे पाहिलं असतं तर हात आखडला असता. पण गार हवा आली की गिऱ्हाईक खूश आणि तीन मिनिटांत गाडी बाहेर, हा धंद्याचा वेग आहे. मीही तो पाळलेला आहे, उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही.

डॅशबोर्डच्या आतले संशयित याच चाचणीत गळाले. हवा मिसळणारी झडप अडकली असती किंवा हीटर चालू राहिला असता, तर कॉइलकडून परत येणारा जाड पाइप बर्फासारखा गार आणि व्हेंटची हवा गरम, अशी जोडी दिसली असती. इथे पाइपही कोमट होता आणि हीटरचा करंट शून्य. कॉइलचा सेन्सर खोटं तापमान सांगतो आणि कंट्रोलर बर्फाच्या भीतीने कंप्रेसर रोखतो, हाही एक नेहमीचा घोळ आहे. पण आमचा सेन्सर पाइपाच्या तापमानाशी जुळत होता.

वजनकाटा

आता गॅस काढून मोजणं आलं. मशीनचे पाइप आधी धुऊन घेतले, मघाशी सांगितलेल्या तेलाच्या भीतीने. मशीनने ७८० ग्रॅम काढले.

६०० ग्रॅमच्या गाडीत ७८०. मशीनच्या पंधरा-वीस ग्रॅमच्या चुकीला जागा ठेवली तरी दीडशेहून जास्त गॅस जादा. जास्तीचा गॅस द्रव होऊन कंडेन्सरच्या खालच्या नळ्यांत साचतो आणि उष्णता टाकायला लागणारी जागाच अडवतो. म्हणजे आधीच्या दोन्ही दुरुस्त्यांनी आजार वाढवला होता. गळती नव्हती, हे मात्र याच आकड्याने कायमचं मिटवलं. गळक्या गाडीतून जास्तीचा गॅस निघत नाही.

काढलेल्या गॅसबरोबर १२ मिलिलिटर तेल आलं. ते मापात घेऊन पाहिलं: स्वच्छ, पातळ, काळपटपणा नाही, धातूची चमक नाही. तितकंच नवं पीओई तेल सीलबंद डब्यातून परत घातलं. पीओईलाही हवेतल्या ओलाव्याची ओढ असते, त्यामुळे अर्धा वापरून झाकण लावून ठेवलेला डबा चालत नाही. ४५ मिनिटं व्हॅक्यूम मारला, पंप बंद करून वीस मिनिटं काट्याकडे पाहत बसलो. काटा जागचा हलला नाही. मग काट्यावर तोलून बरोबर ६०० ग्रॅम भरला.

मुलाने बॉनेट खाली घेतलंसुद्धा. मी म्हटलं, आधी वीस मिनिटं चालव.

तरीही कोमट

पहिली दहा मिनिटं छान. विसाव्या मिनिटाला हाय साइड २१ बार, कंप्रेसर ४००० वर घसरलेला, व्हेंटला १३ अंश. पूर्वीपेक्षा खूप बरं, पण बरोबर नाही. अशी गाडी दिली असती तर ताई त्या दिवशी खूश होऊन गेल्या असत्या आणि पहिल्या कडक उन्हाच्या दिवशी परत आल्या असत्या.

२१ बार म्हणजे कंडेन्सर अजूनही ७१-७२ अंशावर. उष्णता बाहेर पडत नव्हती हे मूळ दुखणं तसंच होतं. जास्तीचा गॅस त्यावर नंतर चढला होता.

कंडेन्सरवर हवा ओढणारा फॅन जोरात फिरत होता, आवाजावरून आणि स्कॅनरवरूनही. फॅन मेला असता तर हायवेला एसी सुधारला असता, कारण तिथे गाडीच्या वेगानेच हवा आत घुसते. ताई म्हणाल्या होत्या, हायवेलाही तेच. म्हणजे फॅन असूनही आणि वेग असूनही हवा कंडेन्सरपर्यंत पोहोचत नव्हती. कंडेन्सर चोंदलाय का? ग्रिलच्या फटीतून पाहिलं, वरचा भाग स्वच्छ दिसला.

ग्रिलमागे आडव्या काळ्या पट्ट्या असतात, खिडकीच्या झडपांसारख्या. त्यांना शटर म्हणतात. बऱ्याच नव्या गाड्यांत असतात, इलेक्ट्रिकमध्ये तर जास्तच, कारण मिटलेल्या असल्या की वाऱ्याचा अडथळा कमी होतो आणि रेंज वाढते. गरज पडली की एक छोटी मोटर त्या उघडते. पेट्रोल गाडीत शटर मिटलेलं राहिलं तर इंजिनचं तापमान लगेच बोंब मारतं. इलेक्ट्रिक गाडीत बोंब मारायला इंजिनच नाही, मग पहिली कुरकुर एसीची येते.

स्कॅनरवर शटर पाहिलं. हुकूम: १०० टक्के उघड. प्रत्यक्ष: १०० टक्के उघडं. एकही फॉल्ट कोड नाही. मुलाने खांदे उडवले.

मी जॉबकार्डचा कोरा कागद फाडला आणि एसी चालू असताना, फॅन जोरात असताना, ग्रिलच्या वरच्या भागावर धरला. हात सोडला. कागद तिथेच चिकटून राहिला, फॅनच्या ओढीने फडफडत. तोच कागद वीतभर खाली, बंपरच्या मोठ्या तोंडावर धरला आणि सोडला. सरळ जमिनीवर पडला. उचलून डावीकडे धरला, पडला. उजवीकडे, पडला. कंडेन्सरचा मोठा भाग नेमका त्या खालच्या तोंडामागे होता.

गाडी बंद केली, थोडा वेळ थांबलो. इथे एक इशारा: इलेक्ट्रिक गाडी शांत उभी दिसते म्हणून ग्रिलमध्ये बोटं घालू नका. चार्जिंगला लावलेली किंवा नुकती बंद केलेली असेल तर बॅटरी थंड करायला फॅन आपला आपण सुरू होऊ शकतो. चार्जिंग केबल काढलेली, गाडी पूर्ण झोपलेली, चावी गाडीपासून लांब, मगच हात.

खालून टॉर्च मारला. वरच्या पट्ट्या उघड्या, खालच्या सगळ्या घट्ट मिटलेल्या. वरच्या आणि खालच्या संचाला जोडणारी एक प्लॅस्टिकची दांडी असते. तिचं खालचं टोक, जिथे पिन बसते तो डोळा, तडकून उघडा पडला होता. मोटर वरच्या संचाला जोडलेली. ती फिरत होती, शेवटपर्यंत जाऊन अडत होती आणि इमानेइतबारे "उघडलं" असं कळवत होती. खालचा संच तिच्याबरोबर आला की नाही हे पाहणारा सेन्सर या रचनेत नव्हताच. स्कॅनर खोटं बोलला नाही, त्याला जितकं माहीत होतं तितकं सांगितलं.

बंपर

ताईंना फोन लावला. "समोरचा बंपर कधी काढला होता का?"

"बंपर? एसीचं काय बंपरशी?" मग जरा थांबून, "हो, तीनेक महिन्यांपूर्वी पार्किंगमध्ये खांबाला टेकली होती. अगदी हलकी. बंपर काढून रंगवून घेतला."

तेव्हा मला कार्डवरचं ते वाक्य आठवलं. "ताई, गाडीच्या ॲपमध्ये चार्जिंगचा इतिहास असतो. फास्ट चार्जिंगला वेळ कधीपासून लागायला लागला, तेवढं बघून सांगता का?"

अर्ध्या तासाने त्यांचा मेसेज आला. २० ते ८० टक्क्यांना पूर्वी सतत पन्नास मिनिटांच्या आसपास, आणि बंपर रंगवून आल्यानंतरच्या पहिल्याच फास्ट चार्जिंगपासून सत्तर. वेगवेगळ्या ठिकाणच्या चार्जरवर. म्हणजे मशीन हळू नव्हतं. बॅटरीची उष्णता बाहेर टाकणारं तोंड मिटलेलं होतं, म्हणून बॅटरी तापू नये यासाठी गाडीच वीज कमी घेत होती. एसी कोमट झाल्याचं ताईंच्या लक्षात आलं ते ऊन वाढल्यावर, महिनाभराने. त्यामुळे दोन्हींचा संबंध त्यांना लागला नाही, आणि पहिल्या दिवशी मलाही. चार्जिंग मंदावलं, एसीही मंदावला, तर दोघांच्या वाटेवरची समाईक गोष्ट शोधायची: कंप्रेसर, गॅस, कंडेन्सर, फॅन, हवा. डॅशबोर्डच्या आत डोकावायची गरज त्या एका वाक्यानेच संपली होती. हे मला सकाळी दहाला सुचायला हवं होतं, सुचलं दुसऱ्या दिवशी दुपारी.

दांडी खांबाच्या धक्क्याने तडकली की बंपर परत बसवताना दाबली गेली, हे आता कुणीच सांगू शकत नाही. शटरच्या चौकटीची एक क्लिपही नीट बसलेली नव्हती, त्यावरून माझा कल दुसरीकडे आहे. पण कल म्हणजे पुरावा नव्हे.

दुरुस्ती, आणि तिच्याआधीची एक गाठ

शटरचा संच मागवण्याआधी निदान पक्कं करून घेतलं. बंपर उतरवला, खालच्या पट्ट्या हाताने उघडल्या आणि केबल टायने तशाच बांधल्या. कंडेन्सरचा खालचा भाग आता पहिल्यांदा नीट दिसला: पंखांमध्ये बारीक धूळ आणि सुकलेली पानं. मऊ ब्रशने झाडला आणि साध्या पाइपाच्या पाण्याने मागून पुढे धुतला. प्रेशर वॉशर लावला तर ॲल्युमिनियमचे पंख आडवे होतात आणि तिथली हवा कायमची बंद होते.

बांधलेल्या पट्ट्यांनी पुन्हा तीच चाचणी, बाहेर पुन्हा ३३ अंश. विसाव्या मिनिटाला हाय साइड १४.५ बार, लो साइड २.२, व्हेंटला ७ अंश. कंप्रेसर ३००० आरपीएमवर निवांत. तो आता वेग उतरवत होता तो भीतीने नव्हे, काम संपलं म्हणून. एका केबल टायने आणि थोड्या पाण्याने हाय साइड साडेसहा बारने खाली आली. मुलाने कागद खालच्या तोंडावर धरला. चिकटला.

नवा संच चार दिवसांनी आला. तोवर गाडी टाय बांधूनच ताईंना दिली होती. पट्ट्या उघड्या राहिल्याने रेंज किंचित कमी होईल, बाकी धोका काही नाही, हे सांगून. जुन्या दांडीला चिकटवून किंवा तार बांधून भागलं असतं का? कदाचित काही महिने. पण ती पुन्हा सुटली तर पुन्हा कुठलाही कोड येणार नाही आणि पुन्हा कुणीतरी गॅस भरेल. म्हणून पूर्ण संच बदलला, स्कॅनरवरून कॅलिब्रेट केला, आणि उघड-मीट करताना दोन्ही संच एकत्र हलतात हे खाली वाकून डोळ्यांनी पाहिलं.

शेवटची चाचणी वर्कशॉपमध्ये करण्यात अर्थ नव्हता. ताईंच्या तक्रारीतली सगळ्यात वाईट वेळ फास्ट चार्जिंगनंतरची होती. गाडी फास्ट चार्जरला लावली, २० वरून ८० टक्क्यांपर्यंत, एसी चालू ठेवून. बॅटरी ४१ अंशापर्यंत गेली, चिलर पूर्ण कामात. हाय साइड जास्तीत जास्त १८ बार, व्हेंटला १० अंश. केबल काढून निघालो, दहा मिनिटांत व्हेंट ८ वर. चार्जिंगला लागलेला वेळ: ५२ मिनिटं.

तेलाचं काय

एक धागा लोंबकळत राहिला आहे. आधीच्या दोन भरण्यांत दुसरं तेल आत गेलं की नाही, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. काढलेल्या १२ मिलिलिटरवरून आत राहिलेल्या सगळ्या तेलाचा निवाडा होत नाही. खबरदारी म्हणून कंप्रेसर आणि चिलर उतरवून सगळं फ्लश करता आलं असतं. मी ते टाळलं. इन्सुलेशन चांगलं असताना हाय व्होल्टेजचा कंप्रेसर उघड्यावर काढणं म्हणजे प्रत्येक सांध्याला ओलावा लागण्याची संधी देणं. दुसरा कुणी मेकॅनिक याच्या उलट निर्णय घेईल आणि त्याच्याकडेही कारणं असतील. अट एकच, आकड्यावर लक्ष ठेवायचं. तेल आणि ओलावा मिळून घात करतात तो हळूहळू.

महिन्याभराने ताई दुसऱ्या कामासाठी आल्या तेव्हा गाडी तासभर चालून गरम झालेली होती. स्कॅनर लावला. इन्सुलेशन १.९ मेगाओम. हवा ७ अंशाची. स्टिकरशेजारी दुसरं छोटं स्टिकर चिकटवलं: गॅस ६०० ग्रॅम तोलून, तेल पीओई, तारीख. जॉबकार्डवर लिहून ठेवलंय की तीन महिन्यांनी इन्सुलेशन पुन्हा मोजायचं, आणि पावसाळ्यात एकदा.